बरोबर सहा फूट

...आणि पुन्हा तेच, म्हणजे किती? नाही, तुम्हीच सांगा, मी एखाद्याला ‘नऊशे मिलिमीटर’ म्हटलं तर त्यात न कळण्यासारखं काय आहे? पण आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात मी आकडा उच्चारला रे उच्चारला की मिस्त्रीकाका कानावरची पेन्सिल काढतात, मला ताप आहे की काय अशा नजरेने बघतात आणि हळूच विचारतात, “म्हणजे किती, ताई?”

तुम्हाला सांगते, पाच वर्षं परदेशात शिकले, तिथे सगळं कसं स्वच्छ, दहाच्या पटीत, आणि परत आले ती एकच ध्यास घेऊन, की बाबांच्या कारखान्यातून फूट, इंच आणि सूत हद्दपार करायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठवा. दहावा का नाही, विचारायचं नाही. बरं, घरी तरी सुख? आई कुठलासा फॉर्म भरत होती, म्हणाली उंची सांग, मी म्हटलं एकशे त्रेसष्ट, तर पेन खाली ठेवून म्हणते, “म्हणजे किती गं? जाताना तर पाच-चार होतीस.”

शेवटी बाबांनी पैज लावली. “एक कपाट तुझ्या हिशेबाने करू. बसलं, तर कारखाना मिलिमीटरचा. नाही बसलं, तर वर्षभर तू फक्त फोन घ्यायचे.” मी त्याच दिवशी सगळ्या जुन्या टेपा कुलपात टाकल्या.

आणि ऑर्डर कुणाची आली? निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. दोन भिंतींच्या मधे कपाट बसवायचं. फोनवर ठणकावून म्हणाल्या, “बरोबर सहा फूट. मी स्वतः मोजून घेतलंय.” आता मुख्याध्यापिकेवर शंका कशी घ्यायची? मी कागदावर लिहून दिलं, एक हजार आठशे अठ्ठावीस पूर्णांक आठ. तो शेवटचा आठ लिहिताना मला काय आनंद झाला म्हणून सांगू... काका म्हणाले, “ताई, एकदा जाऊन बघून येतो.” म्हटलं, काका, गणित झालंय, आता बघायचं काय?

कपाट बसलं. असं बसलं की फटीत पोस्टकार्ड जाईना. बाबांनी माझी पाठ थोपटली, मी सगळ्यांसमोर दिमाखात नवी टेप लावली, आकडा मोठ्याने वाचला, आणि... एक हजार सातशे सत्तावीस. पुन्हा लावली. सत्तावीसच. माझ्या कागदापेक्षा दहा सेंटीमीटर कमी.

काकांकडे बघितलं, तर ते कुजबुजले, “जेवणाच्या सुट्टीत येऊन गेलो. काठी धरली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कापली. टेपा तुमच्या कुलपात ना.” म्हटलं, अहो, गप्प बसला असतात तर बाबांनी पैज जिंकली असती. तर म्हणे, “पैजेसाठी लाकूड वाया घालवू?”

“पण बाई,” मी विचारलं, “तुम्ही मोजलंत कशाने?”

“कशाने म्हणजे? ह्यांना आडवं झोपवलं. डोकं या भिंतीला, टाचा त्या भिंतीला. आणि हे बरोबर सहा फूट. लग्न ठरतानाच सांगितलंय ह्यांनी.”

दारात उभे असलेले ‘हे’ एकाएकी ताठ झाले. हनुवटी वर. टाचाही, मला वाटतं, किंचित उचललेल्या.

“किती म्हणालीस तू आत्ता?” बाईंनी विचारलं.

“एक हजार सातशे सत्तावीस.”

“म्हणजे किती?”

सहा महिने, तुम्हाला सांगते, सहा महिने मी वाट बघत होते की कुणीतरी हा प्रश्न मनापासून विचारावा. उत्तर जिभेवर होतं, पाच फूट आठ इंच. काकांनी अलगद माझ्या हातातली टेप घेतली आणि सोडली, ती सर्रकन आत गेली. आणि ते गृहस्थ, चाळीस वर्षांचा संसार झालेले, माझ्याकडे असे बघत होते, की अहो, चार इंचांसाठी कुणी माणसाला असं उघड्यावर टाकतं का?

“सहा फूट, बाई,” मी म्हटलं. “बरोबर सहा.”

पैज मी जिंकले म्हणे. कारखाना आता मिलिमीटरवर चालतो, काकांची काठी माझ्या टेबलामागे असते, आणि नवी गिऱ्हाइकं येतात ती सगळी त्या गृहस्थांमुळे. भेटेल त्याला थांबवून सांगतात, माप घ्यावं तर त्या मुलीनेच, एका सुताचा फरक नाही.