पणजोबांची विहीर

मल्हारगंजात दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसलेल्या संघदीपने पेपर उघडला होता, पण कान शेजारच्या काका-पुतणीकडे होते.

“वल्लरी बेटा, तुझ्या पुस्तकातलं ते विहिरीचं छोड ना. आजोबा सरकारी अंमलदार, त्यांना वरून हुकूम होता.”

“हुकूम होता हे लिहिलंय, काका. गावाचा शेतसारा थकला म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून तिथली विहीर बुजवली, हेही लिहिलंय.”

“इतिहास लिहिणाऱ्याने तटस्थ राहावं.”

“म्हणूनच ठेवलंय.”

“घरच्या माणसाबद्दल राहता येतं तटस्थ?”

“नाही येत. म्हणून पहिल्याच पानावर सांगितलंय, मी त्यांची पणती.”

“मग निदान त्यांचं आडनाव तरी गाळ!”

“गाळून काय होणार, काका? कव्हरवर माझ्या नावापुढे तेच छापलंय.”