नववी खुंटी

—नाही, नाही ताई, बटण परत दाबू नका, मी दहा वेळा दाबलंय. म्हणजे, आधीच्या उमेदवारांनी दाबलंय. बसा. स्टूल पुढे ओढा, त्याचा एक पाय लुळा आहे, डावीकडे रेलू नका. तर परीक्षा अशी — हा नवा कॉम्प्युटर, सगळे भाग कोरे, कालच जुळवलेला, आणि चालू होत नाही. दोष आम्ही मुद्दाम घातलाय. तो तुम्ही शोधायचा. आता सव्वातीन झालेत, चार वाजता — चारला परीक्षा संपते. मला इथे सगळे मास्तर म्हणतात. पंचवीस वर्षं झाली या टेबलाशी. दुकानात जुळणीचं काम ज्यांनी ज्यांनी केलं ते सगळे माझ्याच हाताखालून गेले. फार कशाला, धाकट्या बाई — मालकांची मुलगी हो, आता सगळं त्याच बघतात — फ्रॉकमध्ये होत्या तेव्हा याच टेबलाखाली बसून माझे सांडलेले स्क्रू वेचायच्या. आणि हा फॉर्म. नाव तुम्हीच घाला, खालच्या ओळीही शेवटी तुम्हीच भरायच्या. माझा चष्मा वर राहिलाय. हा? हा लांबचा आहे.

हं, करा सुरू. भिंतीतला प्लग आधी बघताय — शाब्बास. निम्मे लोक तिथेच आपटतात. मागचं पॉवर सप्लायचं बटण? चालू आहे. ती जाड वायर दाबून बघा, टक् आवाज आला पाहिजे. आला ना? प्रोसेसरजवळची छोटी? तीही घट्ट आहे, मीच — ज्याने बसवली त्याने नीट बसवलीय. आता काय, समोरच्या बटणाच्या तारा काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जोडताय? वा! सहा वर्षं घरी होतात म्हणालात ना? पोरं, सासूबाईंचं दुखणं... पण हात विसरला नाही बघा तुमचा. हात विसरत नाही. दुसरंच काहीतरी होतं त्याला. — बघितलंत? पंखा हलला. एक गिरकी घेतली आणि मेला. तस्संच होतं. दर वेळी एकच गिरकी, मग गप्प. नको, सप्लाय बदलायच्या भानगडीत पडू नका, दोन सप्लाय बदलून बघितले मी काल, रॅम एकेक करून काढली, काही उपयोग —

असं काय बघताय? दोष मीच घातलाय तर मी सप्लाय कशाला बदलले, असंच ना? हळू बोला. वरच्या फळ्या पातळ आहेत, खुर्ची सरकली तरी इथे कळतं. जागा खरी आहे ताई, जाहिरात खरी आहे. परीक्षासुद्धा खरीच धरा. फक्त उत्तर मला माहीत नाही, एवढंच. तुमच्या आधी दोघं येऊन गेले, एकाने बटण दाबलं आणि नशिबाला दोष दिला, दुसरा म्हणाला कंपनीला फोन लावा. कंपनीला! हे मशीन घ्यायला गिऱ्हाईक चार वाजता येतंय. आणि धाकट्या बाईंनी सोमवारी मला वर बोलावून, दार लावून घेऊन सांगितलंय — मास्तर, गेल्या महिन्यात दोन मशीनं परत आली. हे तिसरं नीट गेलं तर प्रश्नच नाही, नाहीतर तुम्ही आता काउंटरवर बसा, मी छान खुर्ची घालून देते. छान खुर्ची! रागावून म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो. इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मी 'बरं' म्हणून खाली आलो. आणि ही जाहिरात सहायकाची आहे म्हणे. मला कळत नाही का सहायक कुणाचा आणि खुर्ची कुणाची ते?

तीन पस्तीस झाले. काय म्हणता — बोर्ड बाहेर काढून बघावा? मलाही तेच वाटतं. काल दुपारपासून तेच वाटतंय. मग काढला का नाही? आठ स्क्रू आहेत ताई. तांदळाएवढे. एक जरी आत पडला तर... हा हात बघा. नको, बघू नका. अहो, कपबशी उचलली की बशी वाजते. घरी सांगितलेलं नाही, बायकोला वाटतं चहा फार गरम असतो म्हणून हल्ली ती निववून देते. बोर्ड बसवला तेव्हाच दोन तास लागले मला, एका हाताने दुसरा धरून. बसवताना एवढं एकच डोक्यात होतं, स्क्रू पडता कामा नये, स्क्रू पडता कामा नये. मला भीती वाटते हो. स्पष्टच सांगतो. काउंटरची नाही, तिथेही माणसंच बसतात. पण हे टेबल गेलं की मी मास्तर कसला? नुसता एक म्हातारा, गिऱ्हाइकाला चार्जर दाखवणारा.

काढा, काढा तुम्ही. मी वाटी धरतो — नको, टेबलावरच ठेवतो वाटी. एक... दोन... किती सहज निघतायत तुमच्याकडून. सात... आठ. आता कडेला धरून सरळ वर उचला. असं. खोक्यावर ठेवा. आता काय मोजताय? बोटाने काय मोजताय तुम्ही तिथे? खुंट्या? पुन्हा मोजा. मी मोजतो. एक, दोन, तीन... नऊ. बोर्डाला भोकं आठ, आणि खुंट्या नऊ.

अरे देवा.

पितळी खुंट्या, बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून असतात. कॉम्प्युटरच्या या डब्यात आधीच बसवलेल्या आल्या होत्या, आणि नववी बरोब्बर बोर्डाच्या पाठीला टेकून बसलेली. शॉर्ट. सप्लाय बिचारा स्वतःला वाचवायला बंद पडत होता. त्या भिंतीवरच्या पाटीवर काय लिहिलंय, वाचा. मोठ्याने नको. 'आधी खुंट्या मोजा, मग बोर्ड बसवा.' अक्षर कुणाचं असेल? माझं. पंचवीस वर्षांपूर्वीचं, कसं वळणदार आहे बघा. धाकट्या बाईंना मोजून दाखवल्याशिवाय चॉकलेट देत नसे मी. आणि काल त्याच पाटीखाली बसून मी...

काढा ती. चटकन. पक्कड ही घ्या. बोर्ड परत बसवा, हं, स्क्रू तिरके नको — नाहीच करत तुम्ही तिरके. वायरी. बटणाच्या तारा. दाबा. तुम्हीच दाबा.

फिरला. ऐका, ऐका कसा फिरतोय. स्क्रीन — आली! ताई, आली हो स्क्रीन! तीन सत्तावन्न. डोळ्यांना काय झालंय माझ्या, थांबा, पुसतो. तुमच्यासारखा हात मी फार दिवसांनी बघितला. या टेबलाला तुमच्यासारखंच माणूस —

खुर्ची सरकली वर. त्या खाली येतायत.

ती खुंटी पर्समध्ये टाका तुमच्या. टाका आधी. बघितली की एका क्षणात ओळखतील त्या, मीच शिकवलंय त्यांना. आणि फॉर्म. पेन धरा. 'वायरी तपासता येतात का?' — हो लिहा. 'बोर्ड काढता येतो का?' — हो. ते खरंच आहे. 'दोष सापडला का?'

नाही लिहा.

ताई, माझ्याकडे बघू नका, कागदाकडे बघा. मी लिहिलं असतं, पण माझं आताचं अक्षर त्यांनी अजून पाहिलेलं नाही. एक वर्ष द्या मला. सहा महिने द्या. तुम्हाला दुसरीकडे कुठेही घेतील, मला कोण घेणार? दोनच अक्षरं आहेत, लिहा.

लिहिलंत? इतकं मुकाट्याने? भांडायचं होतंत की हो माझ्याशी.

जा आता. मागच्या दाराने जा, हळू लावा. आणि फोनची वाट बघू नका.