धनेशाच्या ढोलीचा पत्ता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रकाशक, सत्कारमूर्ती आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले रसिकहो,

सत्कारमूर्तींना मी घरी 'अहो' म्हणते. आज सत्कारमूर्तीच म्हणेन. थोडं अंतर राखलेलं बरं.

पत्नीनं दोन गोड शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा. गोड असेल तर यांची लेखणी. तिनंच घात केला.

यांनी माणसांना रानात नेलं, असं अध्यक्ष म्हणाले. अगदी खरं! गेल्या वर्षी तर सगळ्यांना एकाच झाडाखाली नेलं. आम्हा रानात भटकणाऱ्यांचा दंडक होता: पक्षी सांगावा, घरटं सांगू नये. दंडक घातला कुणी? यांनीच. आणि रविवारच्या लेखात धनेशाची ढोली छापली कुणी, पाण्याच्या टाकीपासून कुठं वळायचं त्यासकट?

धनेशाची मादी अंडी घालताना स्वतःला ढोलीत लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. नर फळं आणून भरवतो, तेव्हा ती आणि पिल्लं जगतात. इथं झाडाखाली ही कॅमेऱ्यांची गर्दी! नर फळ घेऊन समोरच्या फांदीवर यायचा, बसायचा, परत जायचा. मी म्हटलं, "अहो, आवरा यांना." तर म्हणाले, "अगं, वाचक आहेत ते माझे!"

शेवटी मादी लिंपण फोडून बाहेर आली. पिल्लं आतच मेली. मी रडले. यांनी पुढच्या रविवारी लिहिलं, 'निसर्ग निष्ठुर असतो.' निसर्ग? वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी!

यंदा त्या जोडीनं नवी ढोली धरलीय. ती फक्त मला ठाऊक आहे. यांचे गुडघे हल्ली सत्कारापुरतेच चालतात. आणि आत्ता प्रकाशकांनी जाहीर केलं, नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्याच ढोलीवर, नकाशासकट. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. माझा होकार घेतला कुणी?

घरी यांनी आधी गोडीगुलाबीनं पत्ता विचारला, मग आदळआपट केली. आज माइकपुढे उभं केलं. चारचौघांत बायको नाही म्हणणार नाही, हा हिशेब. तर चारचौघांतच सांगते: नाही. अहो, माझ्याकडे डोळे वटारू नका, फोटो काढताहेत.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर श्रोत्यांनी पोटात घालावं. सत्कारमूर्तींकडे मी माफी मागत नाही.

मादी ढोलीत बसलीय. नर येतोय. त्याला येऊ द्या.