संकष्टीचा ड्रायव्हर

तुम्हाला खोटं वाटेल, पण दुबईत आमचा बारला जायचा दिवस मंदारच्या आईचं पंचांग ठरवायचं. चौघांत गाडी एकट्या मंदारकडे, आणि इथे एक बिअर घेऊन स्टिअरिंगला हात लावला तरी खलास. मंदार प्यायचा नाही तो फक्त संकष्टीला. मग मीच पुण्याला फोन करायचे, "काकू, पुढची संकष्टी कधी?"

काकू गहिवरायच्या. "परदेशात राहूनसुद्धा किती गं श्रद्धा तुमची!"

बारमध्ये तो लिंबू सोडा पीत आमच्याकडे खुनशी नजरेने बघत बसायचा. बाहेर पडलो की अल क्वोजच्या फूड ट्रकवर पूटीन. गरमागरम फ्राइज, त्यावर चीज आणि वरून मश्रूमची ग्रेव्ही. आम्ही डब्यावर तुटून पडलेलो आणि हा धुळकट आभाळात चंद्र शोधतोय! दिसला की हात जोडायचा, 'चला' म्हणायच्या इथल्या अरबी थाटात म्हणायचा, "यल्ला, सरका आता." आणि अर्धा डबा एकटा संपवायचा.

दोन वर्षांपूर्वी मंदार कॅनडाला गेला, म्हणजे थेट पूटीनच्या माहेरी. आमचं बाहेर जाणंच थांबलं.

परवा काकूंचा फोन आला. "प्राची, शुक्रवारी संकष्टी आहे. मंदार सांगत होता, तो गेल्यापासून तुम्ही सोडलीत. असं करू नये गं."

मला नाही म्हणवेना. आता गाडी माझ्याकडे आहे. शुक्रवारी दोघांना घेऊन गेले, बारमध्ये लिंबू सोडाच प्यायले आणि अल क्वोजला चंद्र दिसल्यावर हात जोडून म्हटलं, "यल्ला, सरका आता."