पिवळा ठिपका

धाकटा : ताई, ताट तसंच आहे. जेव आधी.

ताई : जेवते. हा एकदा पलीकडे जाऊ दे.

धाकटा : कोण हा?

ताई : स्क्रीनवरचा हा पिवळा ठिपका. निळे सगळे जातात. हा दुभाजकापाशी येतो आणि मागे फिरतो.

धाकटा : हा आपलाच चौक ना?

ताई : नव्याने होणारा. उद्या दुपारी आराखडा द्यायचाय. ही माणसं एआयची, चौकातल्या कॅमेऱ्यांवरून चालायला शिकलेली. आधी यांना चालवून बघायचं, मग खरा रस्ता खणायचा.

धाकटा : म्हणजे चिरडायचंच असेल तर आधी खोट्यांना.

ताई : असलं बोलू नकोस.

धाकटा : बरं. पण खुर्चीत टेक तरी. मघापासून त्यांच्याहून जास्त तूच चालतेयस.

ताई : सकाळपासून अख्खा चौक तीनदा उचकटला. सिग्नल लांबवला, दुभाजक रुंद केला. हा ढिम्म. साहेब म्हणतात, एका ठिपक्यापायी काय अडून बसलीस? काढून टाक त्याला.

धाकटा : मग टाक काढून.

ताई : नाही काढणार.

धाकटा : थांब जरा. हा आपल्या फाटकातून निघतोय. माझ्या दुकानाकडेच चाललाय. डावा पाय ओढतोय. ताई, हा मी आहे?

ताई : सोमवारपासून दुकान उघडतो म्हणालास. एकटा जाणार म्हणालास. मी काय करू मग?

धाकटा : मला विचारायचंस. माझी चाल कुठून आणलीस?

ताई : प्लास्टर काढलं तेव्हाचा व्हिडिओ होता.

धाकटा : अगं, तेव्हा मी भिंत धरून चालत होतो!

ताई : वेग वाढवून पाहिला. तरी फिरतोच मागे.

धाकटा : का पण?

ताई : प्रत्येकात थोडी भीती घालावी लागते. गाडी किती जवळ आली की थांबायचं, ते त्यावर ठरतं. निळ्यांची कॅमेऱ्यांवरून मिळाली. तुझी नव्हती, मग मी माझ्या मनाने भरली.

धाकटा : मला त्या चौकाची एवढी भीती नाही वाटत, ताई.

ताई : तुला कशी वाटेल? अपघातानंतर तू शुद्धीवर नव्हतास. फोन मला आला. रस्त्यातली तुझी चप्पल मी उचलली. अजून मी तिथून जात नाही, लांबून वळसा घालते.

धाकटा : कधी बोलली नाहीस.

ताई : बोलून काय होणार होतं?

धाकटा : निदान हा बिचारा दिवसभर हेलपाटे घालत बसला नसता.

ताई : हसू नकोस रे.

धाकटा : नाही हसत. ती भीती कमी कर. जाऊ दे मला.

ताई : आणि पडलास तर?

धाकटा : तर उठेन. नाही उठता आलं तर हाक मारेन. पण आधी जाऊ तर दे.

ताई : थांब. मोबाइल टेबलाला टेकवून ठेवते. इथून दारापर्यंत चाल. तुझी आजची चाल भरते आणि भीती कमी करते.

धाकटा : मध्येच धरायला आलीस तर मी खाली बसेन, सांगून ठेवतो.

ताई : हात मागे बांधलेत. चाल.