पीचवालीच्या तोंडावरचा उजेड

...आणि वर मलाच विचारतात, 'स्पास, हा फोटो काढलास तेव्हा डोळे उघडे होते का रे तुझे?' चाळीस माणसांसमोर! बरं, चाळीस नाही, अकरा. पण अकरा माणसं एकदम हसली की चाळीसच वाटतात हो! तरी तुम्हाला सांगतो, राग नाही आला मला. अजिबात नाही!

विचारणार कोण? रुझाबाई! दर शुक्रवारी आमच्या वाचनालयात फोटो मंडळ भरतं, त्याच्या सर्वेसर्वा. आयुष्यभर इस्पितळात एक्स-रे काढले बाईंनी. आता जिनं लोकांची हाडं उजेडात धरून मोडलंय कुठं तेवढंच शोधलं, ती माझ्या फोटोत काय शोधणार? सौंदर्य?

फोटो कशाचा, तर पुतळ्याचा. फळं डब्यात भरायचा आमचा कारखाना कधीच बंद पडला, पण त्याच्या फाटकात अजून उभी होती ब्राँझची पीचवाली; डोक्याला रुमाल, कमरेवर टोपली. आणि ती पीचवाली म्हणजे आमची पेन्का. आमची म्हणजे... माझी बायको! एकोणीस वर्षांची होती, तिथं पीच सोलायची; शिल्पकार आला आणि साठ पोरींतून हिला उभी केली. त्या वयातला हिचा धड एक फोटो नाही घरात. लग्नाच्या फोटोत नेमके डोळे मिटलेले! आणि अशात फाटकावर नोटीस लागली : जागा विकली, जूनअखेरीला पुतळा गोदामात. मग मी काय करणार? निवृत्त पोस्टमन माणूस, लेकीनं दिलेला कॅमेरा गळ्यात घातला आणि सुटलो!

पहिला फोटो भर दुपारचा. रुझाबाई म्हणाल्या, 'डोक्यातून विजेचा खांब उगवलाय. चेहरा काळा ठिक्कर. आकाश मात्र झकास आलंय... आकाशाचा पुतळा आहे का हा?'

दुसऱ्या खेपेला खांब चुकवायला जमिनीवर आडवा झालो, गुडघे सोलले! तर म्हणतात, 'स्पास, तू बायकोच्या नाकपुड्यांचा फोटो काढलायस.'

तिसरा ढगाळ दिवशी. 'हा बरा आहे.' मी असा फुललो! 'म्हणजे टोपली बरी आहे. चेहरा कणकेचा झालाय.' राग नाही आला मला. अजिबात नाही! नुसता कॅमेऱ्याचा पट्टा चावत घरी गेलो.

घरी पेन्का. 'कशाला जातोस त्या बाईचे टोमणे खायला? आणि मला नाही बघायची ती पीचवाली. त्या रस्त्यानंसुद्धा जात नाही मी. ती राहिली एकोणीसचीच... आणि मी?'

चौथ्या शुक्रवारी रुझाबाईंनी मला जिन्यात गाठलं. 'तू फोटोला कधी जातोस?'

'नाश्ता झाला की.'

'नाश्ता बघून जातोस, उजेड कधी बघणार? तिचं तोंड कुठल्या दिशेला?'

पोस्टमन होतो हो मी, दिशा पाठ! 'ईशान्येला.'

'मग दिवसभर ऊन तिच्या पाठीला, आणि तू पुढून टिपतोस! आत्ता जूनमध्ये तिच्या तोंडासमोर सूर्य उगवतो. उद्या पाचला ये. आणि कॅमेरा घरी ठेव.'

कॅमेरा घरी! फोटो काय कानानं काढू? पण गेलो. आणि बघतो तर बाई आधीच हजर! पंचाहत्तरीची बाई, एका हातात काठी, दुसऱ्यात चहाचा थर्मास. मला पुतळ्याभोवती फिरवलं, थांब म्हणाल्या की थांबायचं, वाक म्हणाल्या की वाकायचं. आणि डॅन्यूब नदीवरून ऊन आलं... आधी रुमालावर, मग कपाळावर, मग डोळ्यांत. खालचा ओठ मुडपलेला! हसू दाबताना पेन्का अजून तसाच मुडपते. चाळीस फोटो काढले होते मी, आणि तो ओठ मला दिसला नव्हता!

'दिसलं?' बाई म्हणाल्या. मी नुसता माझा ओठ मुडपून दाखवला.

दुसऱ्या पहाटे कॅमेरा नेला. पुढच्या शुक्रवारी फोटो पडद्यावर लागला. रुझाबाई काठी टेकत पडद्यापाशी गेल्या. 'टोपलीचा कोपरा कापलास,' म्हणाल्या, आणि मग, 'पण पोरगी बोलेल आता.' राग? अहो, बाईंचा हात हातात घेऊन रडायचंच बाकी राहिलं माझं!

घरी पेन्कानं फोटो खिडकीच्या उजेडात धरला. 'अशी होते मी?' आणि रुमाल बांधून निघाली थेट कारखान्याकडे, ट्रक यायच्या आदल्या दिवशी! ब्राँझच्या गालावर हात ठेवला. म्हणाली, 'बरी होतीस गं.' मी मागोमाग गेलो होतो; दुसरीकडे बघत राहिलो, म्हटलं, बोलू दे दोघींना.

मग रुझाबाईंचे आभार मानायला पेन्का शुक्रवारी मंडळात आली, गरम बानित्सा, म्हणजे आमच्याकडची चीज भरलेली खारी, घेऊन. आली ती बसलीच! समोर माझा नवा फोटो होता, चर्चचं घंटाघर. बाईंनी सहज विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' पेन्का म्हणाली, 'वाकडा आहे. आणि आकाश उगाच घेतलंय.' रुझाबाईंनी तिला शेजारची खुर्ची दिली.

ती खुर्ची आता पेन्काचीच. पूर्वी मी आठवड्यातून दोन तास ऐकून घ्यायचो... आता आमच्या घरी रोज शुक्रवार!