परत दळायला आणलेलं पीठ

"जिला आमालाची उकड जमत नाही, तिला अब्रूच नाही!" इबादान शहरातल्या गिरणीत रांगेत माझ्या पुढे उभ्या मावशी गरजल्या आणि उडत्या पिठानं तीनदा शिंकल्या. मग त्यांनी त्यांच्या पुढे उभ्या तरुणीच्या डब्यात बोट घातलं.

"अगं, हे यामच्या कंदाचं पीठ दळलेलंच आहे की!"

"सासूबाईंनी परत दळायला पाठवलंय. काल माझ्या उकडीत गुठळ्या झाल्या."

"पीठ ओतलंस आणि ढवळायची थांबलीस?"

"फोन आला होता."

"अगं बाई! सासू काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तुझी काय चूक, पीठच जाडं."

"भली बाई. पीठ कुठल्या दुकानातलं?"

"त्यांनीच गावाहून आणलंय. कंद स्वतः सोलून, वाळवून."

"आणि तू गप्प बसलीस?"

"नाही. मी म्हणाले, हो, पीठच वाईट."

"शाब्बास!"

"आज परत गुठळ्या झाल्या, तर अख्खं पोतं बकऱ्यांना घालणार आहेत. रात्री एकट्याच पीठ चोळून बघत होत्या."

"मग इथं काय उभी? घरी जा, गुडघे टेक आणि खरं सांग!"

"जाते, मावशी."

ती चार पावलं गेली आणि परत आली.

"मावशी, तेवढं तुम्हीच येऊन सांगाल का?"